रामा नायक राहिले की!
तुमच्या लेखात रुइया-पोदार कॉलेजच्या मुलांसाठी माटुंग्यातली खाण्याची ठिकाणं दिलीत, पण सगळा भर कॅफे मद्रास नि राम आश्रयवरच. अहो, रविवारी सकाळी तिथली रांग बघितलीत का? पोटभर जेवायचं असेल तर माटुंगा स्टेशनजवळ पहिल्या मजल्यावर रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ पासूनचं. साधी थाळीही मिळते, पण घ्यायचं ते केळीच्या पानावरचं अनलिमिटेड. वाफाळत्या भाताच्या ढिगात मधोमध खळगा करायचा, त्यात रसम वाढून घ्यायचं आणि ते पानावरून पळायच्या आत हात मारायचा.

महिनाअखेरीला खिसा रिकामा असेल तर दादरच्या कीर्ती कॉलेजजवळचा अशोक वडापाव. तळणातला बेसनाचा कुरकुरीत चुरा मागून घ्या. वडा चांगलाच, पण लोक येतात चुऱ्यासाठी (निदान मी तरी).