अर्धा पायाळू

माझ्या कमरेवर आजघडीला चार लाता जमा आहेत. मारणारा सहावीतला, माझ्याच वर्गातला. मागच्याच आठवड्यात त्याच्या आईला शाळेत बोलावून मी सांगितलं होतं, की बाई, या पोराचा पाय वर्गात टिकत नाही.

कारण सांगायचीही लाज वाटते. गोणी उचलताना उसण भरली असती तर गावात इज्जत तरी राहिली असती. युरियाची गोणीसुद्धा 2018 पासून 50 ची 45 किलोची झाली, तेवढी तर झेपली असती. मी वाकलो ते चुलीजवळ पडलेली काडीपेटी घ्यायला. वाकलो तो काटकोनातच राहिलो. बायको म्हणाली, "वाकलेच हा तं ते झाकनही उचला."

तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, पडून राहू नका, झेपेल तेवढं चाला, शेक घ्या, कुशीवर निजा आणि गुडघ्यांमध्ये उशी ठेवा. बहुतेकांचं काही आठवड्यांत आपसूक बरं होतं. पायातला जोर गेला, जांघेत बधिर वाटलं, लघवीचा ताबा सुटला, तर मात्र तसेच निघून या. झालं. एवढ्या सरळ सल्ल्यावर गाव थोडंच गप्प बसणार? बायकोने मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवली, आणि तेवढ्यात शेजारची आजी आलीच.

"गुरुजी, हे उसन होय. हे गोळ्यायनं नाई जात. पायाळूची लात लागते, पायाकडून जलमलेल्याची."

मी नको म्हणेपर्यंत पोट्टा दारात हजर! सोबत त्याची आई, कापूस वेचून थेट वावरातून आलेली, केसांत कापसाचे धागे. मला उंबरठ्यावर उपडं घातलं. नाकापुढे चपलांची रांग. पोराने पाय उचलला, तेवढ्यात आजीला शंका आली.

"थांब रे. काहो माय, हा घरी झाला का दवाखान्यात?"

"दवाखान्यात. आडवातिडवा होता, शिजर केलं."

"मंग पायाळू कायचा?"

"पाय खालीच होते न आजी! डाक्टरनं मशीनवर दाखवले."

"मशीनवरचे नोको सांगू. भाईर येतानी आंधी काय निंगालं? पाय का डोस्कं?"

"मले का मालूम? मंधात पडदा लावला होता!"

मी खालून म्हणालो, "मी उठू का?" कोणी ऐकलंच नाही. मान वळवून पाहिलं तर पोट्टा एका पायावर बगळ्यासारखा उभा. वर्गात दोन मिनिटं स्थिर बसत नाही हा.

आजीची अडचण तशी खरी आहे. दिवस भरेपर्यंत न वळलेली बाळं शंभरात तीन-चार, आणि हल्ली त्यांतल्या बहुतेकांचं सिझेरियन होतं. म्हणजे अस्सल पायाळूचं बियाणं संपत आलं. पूर्वी विहीर कुठे खणायची ते पायाळू सांगायचा आणि आभाळ कडाडलं की घरात दडायचा. आता एवढं एकच खातं उरलं, त्यातही भेसळ.

शेवटी आजीने निकाल दिला. "अर्धा पायाळू हाय. तीनच्या जागी सहा मारा लागते."

शिक्षणहक्क कायदा 2009 चा. त्याच्या 17 व्या कलमाप्रमाणे मला पोराला हात लावता येत नाही. पोराने गुरुजीला पाय लावू नये, असं मात्र त्यात कुठेही लिहिलेलं नाही. पहिली लात भीतभीत होती. दुसरीत पाढे होते. चौथीत मागचा अख्खा आठवडा होता. मी ओरडलो आणि कार्यक्रम थांबला.

आई हसत होती. मग हसता हसताच म्हणाली, "शिजरच्या टायमाले पाठीत सुई देल्ली न गुरुजी, तवापासून माही कंबर दुखते. मले कोन मारते लात? पोटचा पोरगा तं मायले पाय लावत नाई."

डॉक्टर म्हणतात, त्या सुईने अशी वर्षानुवर्षं कंबर दुखत नाही. पण जिने दुखते ती कपाशीची पऱ्हाटी गावाच्या चारही बाजूंनी उभी आहे. सकाळपासून वाकायचं, कमरेच्या कापडात कापूस कोंबायचा, तो भार घेऊन पुन्हा वाकायचं, आणि मजुरी किलोवर. मी एका काडीपेटीपायी अर्धं गाव गोळा केलं. ती दुसऱ्या दिवशी पहाटे वावरात गेली. माझी बायकोही कंबर धरूनच उठते, आजवर कोणी तिच्यासाठी पायाळू शोधला नाही. मीही नाही. तिने तव्यावरची पुरचुंडी पुन्हा माझ्याच पाठीवर ठेवली, आणि मी "जरा डावीकडे" म्हणालो.

तिसऱ्या दिवशी शाळेत गेलो. हजेरीत त्याचा नंबर आला.

"हजर, गुरुजी. दोन बाकी हायेत."

वर्ग खिदळला. माझ्या हातातला खडू खाली पडला. मी तो तिथेच राहू दिला.