हिरव्या गोळ्यांचा हिशेब

सूनबाईने क्लोरेलाचा डबा ओट्यावर ठेवला तेव्हा मला वाटलं, भांडी घासायची पावडर असेल. निघाल्या माझ्यासाठीच्या शेवाळाच्या गोळ्या. रोज सकाळी १५, भरपूर पाण्याबरोबर.

गोळी दिसायला गरीब. पण पाण्याचा घोट घ्यायला जरा उशीर झाला की जिभेवर विरघळायला लागते. वास म्हणाल, तर पावसाळ्यात नदीच्या घाटावर पाय घसरून आपटल्यावर नाकाशी जो येतो, तोच! परवा एक गोळी दाताखाली फुटली आणि नेमके सोसायटीचे सेक्रेटरी दारात. मी तोंडभर हसून "या, या" म्हटलं. मेंटेनन्सचा विषय न काढता ते आल्या पावली परत गेले. क्लोरेलाचा मला झालेला हा एकमेव ठोस फायदा.

सूनबाईचा अभ्यास दांडगा. बायेरिंक नावाच्या डच शास्त्रज्ञाने १८९० मध्ये हे एकपेशीय हिरवं शेवाळ जगापुढे आणलं. पेशीची भिंत इतकी चिवट, की ती फोडल्याशिवाय आतलं काही अंगी लागत नाही. महायुद्धानंतर जगाला अन्न पुरायचं नाही, या धास्तीने १९५१ साली अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये एका गच्चीवर ते वाढवूनही पाहिलं. वाढलं, पण स्वस्त काही पडेना. आमच्या गच्चीवरच्या टाकीत शेवाळ फुकट वाढतं, तर ते आम्ही माणूस लावून खरवडून घेतो!

शेजारचे काका रक्त पातळ करायची गोळी घेतात. क्लोरेलात रक्त गोठवायला मदत करणारं के जीवनसत्त्व भरपूर, त्यामुळे डॉक्टरांनी त्यांना डब्याला हातसुद्धा लावू नका म्हणून बजावलंय. नशीब लागतं.

उभा जन्म बँकेत व्याज काढण्यात गेलेला, त्यामुळे शेवटी कागद-पेन्सिल घेतली. गोळी २०० मिलिग्रॅमची, म्हणजे १५ गोळ्यांचे ३ ग्रॅम. त्यात निम्म्याहून थोडी जास्त प्रथिनं धरली, तरी दीड-पावणेदोन ग्रॅम. आणि ३० ग्रॅम तुरीच्या डाळीत? साडेसहाच्या आसपास! कागद सूनबाईपुढे ठेवला.

तिने तो नीट वाचला. म्हणाली, "हिशेब बरोबर आहे, बाबा. पण वरणात क्लोरोफिल कुठे असतं?"

आतून ही म्हणाली, "वरून कोथिंबीर घालते."