सॅक कुणाच्या नावावर पडला, एवढंच बघायचं का?

‘एक जुना वाचक’ यांना,

नमस्कार. अमेरिकन फुटबॉलमधल्या डिफेन्सिव्ह एंडवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया चांगलीच लांब आहे आणि काही ठिकाणी लेखापेक्षा तिखट. तिला दोन ओळींत उत्तर देणं म्हणजे वेळ मारून नेणं झालं असतं, म्हणून सवडीने लिहितोय.

इतरांसाठी थोडक्यात सांगतो. डिफेन्सिव्ह एंड म्हणजे बचावफळीच्या कडेला उभा राहून क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यावर, धावून जाणारा खेळाडू; क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडलं की तो सॅक. तुमचं म्हणणं असं की, क्वार्टरबॅकवर येणाऱ्या दडपणाचं सगळं श्रेय मी कडेच्या दोन खेळाडूंना वाहून मोकळा झालो. चांगल्यातला चांगला एंडसुद्धा सामन्याला सरासरी एखादा सॅक काढतो, बाकी वेळ क्वार्टरबॅकच्या मागून गोल फिरून परत येतो. ‘कबड्डीतला कोपरा निदान पाय तरी धरतो, हा नुसता प्रदक्षिणा घालतो,’ हे तुमचं वाक्य वाचून मी हसलो, हे कबूल. खरं दडपण मधून येतं, बचावफळीच्या मधल्या जागेवर खेळलेला ॲरन डोनाल्ड बघा, हा दुसरा मुद्दा. चेंडू अडीच सेकंदांत हातातून सुटत असेल तर लांबून धावत येणाऱ्याचा उपयोग काय, हा तिसरा. आणि एवढ्यासाठी वर्षाला चार कोटी डॉलर मोजायचे?

प्रदक्षिणेपासून सुरुवात करतो, कारण सगळी गोम तिथेच आहे.

शॉटगन नावाच्या रचनेत क्वार्टरबॅक सेंटरच्या (चेंडू मागे देणाऱ्याच्या) मागे साधारण पाच यार्डांवर उभा असतो. चेंडू हातात आला की दोन-तीन पावलं मागे टाकून तो सात ते नऊ यार्डांवर स्थिरावतो. एंड धावतो त्या चापाचं टोक बरोबर तिथेच येतं. टॅकलला, म्हणजे एंडला अडवणाऱ्या कडेच्या खेळाडूला, त्याच्यासोबत मागे मागे सरकावं लागतं, तेही उलट्या पावलांनी. समजा टॅकलने काम चोख केलं आणि एंडला ढकलत ढकलत क्वार्टरबॅकच्या मागून बाहेर काढलं. टीव्हीवर तुम्हाला दिसतो हरलेला एंड. क्वार्टरबॅकला मात्र मागची जागा उरलेली नसते. त्याला पुढे सरकावं लागतं, आणि पुढे सेंटर आणि त्याच्या शेजारच्या गार्डला रेटत कुणीतरी दीडशे किलोचा माणूस येत असतो. सॅक त्या माणसाच्या नावावर लागतो. तुमच्याच कबड्डीत सांगायचं तर चढाईपटू कोपऱ्याच्या धाकाने बाजूला जात नाही, मध्ये घुटमळतो आणि मधल्याच्या पकडीत सापडतो. गुण लिहिताना कोपऱ्याचं नाव कोण लिहितं?

आता तुमच्या बाजूने एक गोष्ट. एंड क्वार्टरबॅकच्या पातळीपेक्षा खोल गेला, म्हणजे तो दहाव्या-अकराव्या यार्डावर पोचला आणि क्वार्टरबॅक आठव्यावर आहे, तर ती प्रदक्षिणा खरोखर फुकट. फुकट कसली, नुकसानीची! त्याने सोडलेल्या फटीतून लमार जॅक्सन किंवा जॉश ॲलन सुटला की पंधरा यार्ड गेलेच. म्हणून अशा क्वार्टरबॅकसमोर प्रशिक्षक एंडना आवर घालतात. आपल्या पट्ट्यातच राहा, सॅक नाही मिळाला तरी चालेल, पण त्याला बाहेर पडू देऊ नका, असं सांगून ठेवतात. त्या दिवशी एंडचे आकडे भिकार दिसतात. काम झालेलं असतं.

शिवाय एकच चाल वीस वेळा केल्याचा फायदा एकविसाव्या वेळी मिळतो. ड्वाइट फ्रीनी आठवा. इंडियानापोलिस कोल्ट्सचा हा एंड उंचीने जेमतेम सहा फूट एक इंच, म्हणजे त्या जागेसाठी बुटकाच. घरच्या बंदिस्त स्टेडियममध्ये तो बाहेरून इतक्या वेगाने जायचा की टॅकलला चेंडू हलल्याबरोबर मागे पळत सुटण्यावाचून पर्याय नसायचा. तिसऱ्या-चौथ्या पावलाला टॅकलचं सगळं वजन बाहेरच्या पायावर गेलं की फ्रीनी तिथल्या तिथे गिरकी घ्यायचा आणि आतल्या बाजूने मोकळा व्हायचा. टॅकलचे हात हवेत. ती गिरकी सगळ्या लीगला पाठ होती तरी थांबवता येत नव्हती, कारण ती थांबवायला आत सरकावं तर बाहेरची वाट मोकळी. कारकिर्दीत १२५.५ सॅक, आणि २०२४ मध्ये हॉल ऑफ फेम. त्याच्या आधीच्या नुसत्या बाहेरून मारलेल्या धावा तुमच्या हिशेबात प्रदक्षिणा म्हणून गेल्या असत्या.

डोनाल्डबद्दल. तो कुणाला नको असेल? २०१८ मध्ये मधल्या जागेवरून २०.५ सॅक काढणारा माणूस. आणि मधून येणारं दडपण क्वार्टरबॅकला जास्त जाचतं, हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य. अंतर कमी, वाट सरळ, आणि फेकण्यासाठी पाऊल पुढे टाकायला जागाच राहत नाही. पण मग मला सांगा, डोनाल्ड घरात असताना लॉस एंजेलिस रॅम्सनी नोव्हेंबर २०२१ मध्ये व्हॉन मिलरला डेन्व्हरकडून का उचललं? नवे खेळाडू निवडायच्या ड्राफ्टमधली दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीची निवड देऊन उचललं, आणि एका कडेला लेनर्ड फ्लॉइड होताच. (मिलरची जागा कागदावर आउटसाइड लाइनबॅकरची. तीन जणांची फळी लावणारे संघ कडेच्या माणसाला तसं म्हणतात. पासच्या वेळी काम तेच, त्यामुळे त्यावरून वाद नको.) डोनाल्डवर दोघे जण घालता येऊ नयेत म्हणून कडेला असा माणूस हवा होता, ज्याच्यासाठी एरवी पास घ्यायला जाणारा टाइट एंड किंवा रनिंग बॅक अडवायला राखून ठेवावा लागेल. फेब्रुवारी २०२२ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, बेंगल्सचा क्वार्टरबॅक जो बरो सात वेळा सॅक झाला. त्यात डोनाल्डचे दोन आणि मिलरचेही दोन. सामना संपवणाऱ्या चौथ्या डाउनला (दहा यार्ड काढायच्या चार प्रयत्नांतल्या शेवटच्याला) मात्र सॅक झालाच नाही. डोनाल्डने बरोला धरून गरकन फिरवलं, त्याने पडता पडता चेंडू कसाबसा भिरकावला आणि तो जमिनीवर गेला. आकडेवारीत ती नोंद आहे ‘अपूर्ण पास’. निकाल रॅम्सच्या बाजूने २३-२०.

आता माझं आवडतं उदाहरण. मधला की कडेचा, हा वाद इथे जरा विचित्र होऊन बसतो.

४ फेब्रुवारी २०१८, मिनियापोलिसचा सुपर बोल. ईगल्स विरुद्ध पेट्रियट्स. आपल्याकडे सोमवारची सकाळ, ऑफिसला निघायची वेळ होऊन गेलेली. दोन्ही संघांनी मिळून ११५१ यार्ड काढले, बचाव नावाची गोष्ट कुठे दिसतच नव्हती. पेट्रियट्सच्या टॉम ब्रेडीने एकट्याने ५०५ यार्ड फेकले, एकही इंटरसेप्शन (पास प्रतिस्पर्ध्याच्या हातात) न देता. जवळजवळ अठ्ठावन्न मिनिटं त्याला कुणीही सॅक केलं नव्हतं. ईगल्स ३८-३३ पुढे, सव्वादोन मिनिटं शिल्लक, चेंडू ब्रेडीच्या हातात. असले शेवट त्याने किती जिंकलेत ते तुम्हाला सांगायला नको. दुसरा डाउन, दोन यार्ड हवेत. ईगल्सचा ब्रँडन ग्रॅहम पेशाने डिफेन्सिव्ह एंड, पण त्या वेळी त्याला आत सरकवून उजव्या गार्डसमोर, शॅक मेसनसमोर उभं केलं होतं. चेंडू हलला, ग्रॅहम मेसनला रेटत गेला आणि ब्रेडीचा हात मागे जात असताना आपला हात लांब करून त्याने चेंडू उडवला. चेंडू टप्पा घेत आला तो दुसऱ्या एंडच्या, डेरेक बार्नेटच्या हातात. सबंध सामन्यात दोन्ही बाजूंचा मिळून तो एकमेव सॅक.

हे दडपण मधून आलं की कडेकडून? जागा मधली, माणूस कडेचा. गार्डला समोरच्या वजनदार माणसाशी कुस्ती करायची सवय असते. त्याच्यासमोर एकदम टॅकलशी दोन हात करणारा, हात चलाख असलेला, चपळ माणूस आला की त्याची तारांबळ उडते. दहा वर्षं आधी, फेब्रुवारी २००८ मध्ये, एकही सामना न हरता १८-० असलेल्या पेट्रियट्सना जायंट्सनी १७-१४ असं हरवलं. त्यातही जस्टिन टकने दोन सॅक काढले ते अशाच आत-बाहेर फिरण्यातून, आणि तोही एंडच. म्हणजे तुमच्या ‘मधल्या’ खात्यात जमा होणाऱ्या बऱ्याच रकमा मुळात एंडच्या खिशातल्या आहेत. आणि सामन्याला एखाद्या सॅकची किंमत काय असते हेही, मला वाटतं, मिनियापोलिसने दाखवलंच.

लेखात मला सगळ्यात जास्त म्हणायचं होतं ते वेगळंच, आणि तुमच्या प्रतिक्रियेत ते निसटलंय. बचावाचे अकरा जण. पास घेऊ शकणारे समोरचे पाच. चौघांनी दडपण आणलं तर मागे सात उरतात, म्हणजे पाच जणांवर सात. चौघांनी जमत नाही म्हणून पाचवा-सहावा पाठवला, म्हणजे ब्लिट्झ केला, की मागे फटी पडतात, आणि चीफ्सच्या महोम्ससारखा क्वार्टरबॅक त्या फटींची वाटच बघत असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या सुपर बोलमध्ये चीफ्सविरुद्ध ईगल्सचा बचाव आखणाऱ्या व्हिक फँगिओने काय केलं? एकदाही ब्लिट्झ केला नाही. सहा सॅक, मध्यंतराला २४-०, शेवटी ४०-२२. चीफ्सचा डावा टॅकल जो थूनी मूळचा गार्ड, टॅकलची वानवा म्हणून तिथे उभा केलेला. ईगल्सच्या एंडने, जॉश स्वेटने, अडीच सॅक घेतले, मधल्या मिल्टन विल्यम्सने दोन. मागच्या सातांना निवांत नजर ठेवता आली म्हणून कूपर डीजीनला महोम्सचा चेंडू उचलून ३८ यार्ड पळता आलं.

चार वर्षं आधी टँपाला हाच महोम्स ३१-९ असा हरला, तेव्हा सॅक फक्त तीन होते. तुमच्या फूटपट्टीने मोजायचं तर तीन म्हणजे साधारण कामगिरी. प्रत्यक्षात चीफ्सचे दोन्ही नेहमीचे टॅकल जायबंदी होते, आणि बिचारा महोम्स पूर्ण सामनाभर मागे, आडवा, तिरका, जिथे वाट मिळेल तिथे पळत होता. दोन इंटरसेप्शन, टचडाउन एकही नाही.  कडा कोसळल्या होत्या.

झटपट पासचं उत्तर फार लांबवत नाही. क्वार्टरबॅक अडीच सेकंदांत फेकतो हे खरं, पण का फेकतो? पंचवीस यार्डांवरची वाट उघडायला साडेतीन सेकंद लागतात आणि तेवढे त्याला मिळणार नाहीत म्हणून. सहा यार्डांचा पास घेऊन तो खूश नसतो. शिवाय पोचता येत नाही हे कळल्यावर चांगला एंड थांबतो आणि हात वर करतो. जे. जे. वॉटने २०१२ मध्ये २०.५ सॅक तर काढलेच, वर १६ पास हातांनी अडवले. पास घेणाऱ्यांना मागे राहून अडवणाऱ्या कॉर्नरबॅकला शोभेल असा आकडा आहे तो.

राहता राहिला पैसा. मार्च २०२५ मध्ये ब्राउन्सनी मायल्स गॅरेटला वर्षाला सरासरी चार कोटी डॉलर दिले. ऑगस्टमध्ये पॅकर्सनी मायका पार्सन्सला ४.७ कोटी दिले आणि वर, त्याला सोडलं म्हणून, काउबॉइजना पहिल्या फेरीच्या दोन निवडी. सोबत दिला केनी क्लार्क, जो तुमच्या लाडक्या मधल्या जागेवरचा. त्या वर्षी संघाची पगाराची एकूण मर्यादा होती २७.९२ कोटी. एका माणसासाठी सातवा-सहावा हिस्सा. खेळातलं माझं मत वर सांगितलंच, ते बदलत नाही. व्यवहारात मात्र मी असा चेक फाडताना दहा वेळा विचार करेन. एंडच्या कामात दम जातो. चौथ्या सत्रात त्याच्या पायांत पहिल्या सत्रातला जोर राहिला नाही तर टॅकल त्याला सहज बाहेर काढतो. २०१७ च्या ईगल्सकडे ग्रॅहम, बार्नेट, ख्रिस लाँग आणि विनी करी असे चार एंड आलटून पालटून उतरायचे. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला ग्रॅहम ताजा होता, त्यात या आलटापालटीचा वाटा मोठा. मी तो रस्ता धरीन.

आणि तुम्हाला एक दारूगोळा माझ्याकडूनच. न्यू ऑर्लिन्सच्या त्या सामन्यानंतर महिन्याभरात स्वेट ॲरिझोनाला गेला, चार वर्षांचे ७.६४ कोटी. मधला मिल्टन विल्यम्स पेट्रियट्सकडे गेला, चार वर्षांचे १०.४ कोटी. बाजाराने त्या दिवशी मधल्याला जास्त भाव दिला. ईगल्सनी आधीच्या वर्षी पाच कोटींहून मोठा करार करून आणलेला एंड ब्राइस हफ तर सुपर बोलच्या दिवशी धडधाकट असूनही संघाबाहेर होता. पुढच्या प्रतिक्रियेत हे जरूर वापरा. पण तेव्हा विल्यम्सचे दोन्ही सॅक पुन्हा एकदा लावून बघा, आणि या वेळी चेंडू सोडून कडेच्या दोन टॅकलचे पाय बघा. मग बोलू.