स्नॅपशॉटला बॅकअप म्हणणाऱ्यांनो

रात्री साडेदहाला पेडण्याहून भाच्याचा फोन. ‘‘मामा, व्हीएम शिकायची गरजच नाही म्हणे, कंटेनर आले की झालं.’’ (व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन: कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर. कंटेनर: त्याच कॉम्प्युटरवर प्रोग्रामला दिलेला वेगळा कप्पा.) कोण म्हणतं? तोच फॉरवर्ड! आठवडाभर फिरतोय, आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवरसुद्धा येऊन गेला. म्हणणं असं: व्हर्च्युअल मशीनचा जमाना संपला, कंटेनर म्हणजे छोटं व्हीएमच, स्नॅपशॉट असला की बॅकअप नको, शिकायला 64 जीबीचा सर्व्हर लागतो, आणि प्रॉक्समॉक्स (व्हीएम आणि कंटेनर चालवायचं सॉफ्टवेअर) फुकट दाखवतात, मग पैसे मागतात. खाली क्लासचा नंबर, अर्थातच.

आधी स्नॅपशॉटचं बोलतो, कारण त्याने नुकसान होतं. गेल्या पावसात फोंड्यातल्या एका छोट्या ऑफिसातून बोलावणं आलं. लाईट ये-जा करून करून डिस्क गेली होती. बॅकअप विचारला तर मुलगा अभिमानाने म्हणाला, ‘‘आहे ना, तीन आहेत.’’ वहीत नावंही लिहून ठेवली होती: ‘अपडेटआधी’, ‘सोमवार’, ‘जीएसटीआधी’. तिन्ही स्नॅपशॉट, तिन्ही त्याच मेलेल्या डिस्कवर. स्नॅपशॉट म्हणजे डिस्कच्या त्या क्षणाची खूण. मूळ ब्लॉक, म्हणजे डेटाचे तुकडे, तिथल्या तिथेच राहतात, पुढे बदलेल तेवढं वेगळं लिहिलं जातं. अपडेट बिघडलं तर मागे यायला छानच आहे, मी रोज वापरतो. पण डिस्कच गेली तर खूण कशावर राहणार? प्रॉक्समॉक्समध्ये बॅकअपसाठी व्हीझेडडंप वेगळं दिलंय. त्यात मशीनची मांडणी आणि सगळा डेटा पूर्ण उतरतो. तो दुसऱ्या डिस्कवर किंवा दुसऱ्या मशीनवर ठेवायचा, आणि एकदा तरी रिस्टोअर करून बघायचा. त्या ऑफिसने दोन महिन्यांची बिलं हाताने परत भरली.

आता ‘छोटं व्हीएम’. भाच्याला फोनवरच सांगितलं, प्रॉक्समॉक्सवर उबुंटूचा (लिनक्सचा एक प्रकार) एक कंटेनर कर, उबुंटूचंच एक व्हीएम कर, दोन्हीकडे ‘युनेम डॅश आर’ मार, ही कमांड कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, कोणता चालू आहे ते दाखवते. व्हीएममध्ये उबुंटूचा स्वतःचा कर्नल दिसला. कंटेनरमध्ये मात्र शेवटी ‘पीव्हीई’ लावलेला, म्हणजे खालच्या होस्टचाच, ज्या मूळ मशीनवर सगळं चालतं त्याचा. पोरगा गप्प. कंटेनरला स्वतःचा कर्नल नसतो. म्हणून तो सेकंदात उठतो, रॅम कमी खातो, आणि म्हणूनच त्यात विंडोज चालत नाही. प्रॉक्समॉक्सचं मॅन्युअलच सांगतं की कंटेनर होस्टचा कर्नल वापरतात, तिथून हल्ल्याला वाट मिळते, आणि पूर्ण व्हीएममध्ये अलगपणा जास्त. तेच मॅन्युअल पुढे म्हणतं, डॉकर (कंटेनर चालवायचं दुसरं लोकप्रिय साधन) चालवायचं तर व्हीएममध्ये चालवा. संपलेल्या जमान्यात कंटेनर ठेवायला सांगतात की काय?

64 जीबीचं तर सोडाच. प्रॉक्समॉक्सला स्वतःपुरती किमान 2 जीबी लागते, वर पाहुण्यांना, म्हणजे आतल्या व्हीएम-कंटेनरना, लागेल तेवढी. भाच्याचा जुना 8 जीबीचा लॅपटॉप पुरला. अडलं ते बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन (व्हीएम चालवायची सोय) बंद होतं म्हणून.

पैशांच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, कबूल करतो. लॉगिन केलं की सबस्क्रिप्शन नसल्याची खिडकी येते, आणि नव्या इन्स्टॉलवर पहिल्याच अपडेटला 401 चा, म्हणजे परवानगी नसल्याचा, एरर येतो, कारण आधीपासून लावलेली रिपॉझिटरी (अपडेट जिथून येतात ते कोठार) पैसे भरणाऱ्यांची असते. घाबरून पोरं त्या क्लासला फोन लावतात. बिनसबस्क्रिप्शनची रिपॉझिटरी लावली की विषय संपला. सॉफ्टवेअर एजीपीएल या मुक्त लायसन्सखाली आहे. सबस्क्रिप्शन घेतलं तर जास्त तपासलेले अपडेट आणि मदत मिळते. धंद्याचा सर्व्हर असेल तर घ्या की.

भाचा रविवारी येतोय. येताना बाहेरची डिस्क आण म्हटलंय, रिकामी. तर विचारतो, ‘‘कशाला मामा, पेनड्राइव्ह चालणार नाही?’’