आई पडली आणि आम्ही तिला बसवून ठेवलं

गेल्या वर्षी आई रात्री बाथरूमला जायला उठली आणि पलंगापासून चार पावलांवर पडली. हाड मोडलं नाही. कपाळाला टेंगूळ आलं, मनगट मुरगळलं, एवढ्यावर निभावलं. मी काखेत हात घालून तिला ओढून उठवत होतो (हीही चूकच, पण त्याबद्दल पुढे) तेव्हा ती म्हणाली, "ताईला सांगू नकोस." आणि मी खेकसलो, "किती वेळा सांगितलंय जपून चाल म्हणून!"

पुढचे तीन महिने आम्ही तिची खूप काळजी घेतली. म्हणजे काय केलं, तर तिला बसवून ठेवलं. पाणी हवंय? मी आणतो. बेल वाजली? तू उठू नकोस. फिरायला? नको, रस्ता उखडलाय. तीन महिन्यांनी तिला खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागायला लागले. फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिचं उठणं-बसणं पाहिलं आणि आमच्याकडे वळून विचारलं, "यांना बसवलं कुणी?"

म्हणून ही पोस्ट. 'जपून चाल' हा उपाय नाही. आणि बसवून ठेवणं ही तर पुढच्या पडण्याची तयारी. वापर थांबला की मांड्यांतली ताकद भराभर जाते, भीतीने पावलं आखूड पडतात आणि तोल आणखी जातो. पासष्टी ओलांडलेल्यांपैकी साधारण तिनात एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी ६,८४,००० माणसं पडून दगावतात. अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरच्या अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच नंबर आहे. एवढी सगळी माणसं काय धांदरट असतात?

आईचं कारण तर तिच्या पायांत नव्हतंच. डॉक्टरांनी तिचा रक्तदाब आधी आडवं झोपवून घेतला, मग उभं करून. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नसतं. तिचा २६ ने उतरला. त्यात झोपेची गोळी. कुणीतरी कधीतरी आठ दिवसांसाठी दिलेली, दोन वर्षं बिनबोभाट चालू. ती आम्हा कुणालाच खटकली नव्हती, कारण गोळ्यांचा डबा भरायचं काम माझं आणि मी फक्त भरत होतो. डॉक्टरांनी ती हळूहळू कमी करत बंद केली. (अशा गोळ्या आपल्या मनाने एकदम तोडायच्या नसतात.) आता आई पलंगाच्या कडेला मिनिटभर बसते, घोटे हलवते, मगच उठते.

दुसरी गोष्ट व्यायाम. नुसतं फिरणं पुरत नाही, पायांची ताकद आणि तोल यांचा वेगळा सराव लागतो. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात तयार झालेला असा घरी करायचा कार्यक्रम जगभर वापरतात. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात (म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षात) व्यायामामुळे पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. आई ओट्याला धरून टाचा उचलते, एका पावलापुढे दुसरं लावून उभी राहते. शेजारी कुणीतरी असतं, पण हात लावत नाही. हे 'हात न लावणं' मला फार जड गेलं.

घरातल्या गोष्टी बहुतेकांना माहीत असतात: सरकणारं पायपुसणं, वायरी, अंधारा जिना. करायचंच तेवढं राहतं. एक मात्र आवर्जून सांगतो. बाथरूममधली टॉवेलची दांडी म्हणजे आधाराचा दांडा नव्हे. घसरताना माणूस तीच पकडतो आणि दांडीसकट खाली येतो. भिंतीत पक्का बसवलेला दांडा वेगळा असतो; तो बसवा, कमोडशेजारी आणि अंघोळीच्या जागी.

बाहेरचं गणित निराळं. दुहेरी चष्म्यातून खाली पाहिलं की पायरी वाचायच्या भागातून दिसते, म्हणजे धूसर. आईला फिरण्यासाठी नुसता लांबचा चष्मा करून दिला. काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची असते, हे मला पन्नाशीत कळलं. काठीची मूठ मनगटाच्या घडीइतक्या उंचीवर हवी आणि खालचं रबरी बूच झिजलं की बदलायला हवं. आणि रस्ता ओलांडताना मी आता तिला काही विचारत नाही. उत्तर द्यायला गेली की तिची पावलं अडखळतात.

आता ती माझी चूक. पडलेल्या माणसाला लगेच उचलायचं नाही. आधी विचारायचं, कुठे दुखतंय? पाय उचलला जात नसेल, खुब्यात कळ येत असेल तर हलवू नका, मदत बोलवा. रक्त पातळ करायची गोळी चालू असताना डोक्याला मार बसला, तर बरं वाटत असलं तरी दवाखाना गाठा. काही मोडलेलं नसेल तर त्यालाच उठू द्यायचं: कुशीवर वळून, गुडघ्या-हातांवर येऊन, भक्कम खुर्चीला धरून. हे आधी शिकून ठेवायला हवं, कारण पडल्यावर घरात कुणी असेलच असं नाही.

आई ते शिकली. परवा तिने मलाच फरशीवर झोपायला लावलं आणि खुर्ची पुढ्यात सरकवून म्हणाली, "ऊठ बघू आता. नाही, हात नाही देणार." मला दोनदा प्रयत्न करावा लागला.