'नाइस' म्हणा आणि सुटा

कुणीतरी चाळीस स्लाइडचं प्रेझेंटेशन पाठवलंय, तुम्ही पहिल्या स्लाइडवरची तारीखसुद्धा वाचलेली नाही, आणि अभिप्राय तर द्यायचाय. घाबरू नका. 'नाइस' लिहा. इंग्रजीतलं हे विशेषण जणू याच प्रसंगासाठी जन्माला आलंय. त्याचं मूळ लॅटिनमधल्या 'नेस्किउस'मध्ये. 'ने' म्हणजे आपलाच 'न', 'स्किरे' म्हणजे जाणणे. ज्याला काही ठाऊक नाही तो नेस्किउस. ('सायन्स'ही याच 'स्किरे'च्या घरातलं, पण ती हुशार शाखा.) फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत शिरला तेव्हा 'नाइस' माणूस म्हणजे सरळसरळ मूर्ख. मग बुजरा, मग चोखंदळ, मग काटेकोर असं करत करत अठराव्या शतकात तो 'छान'पर्यंत पोचला. तेव्हा न वाचता 'नाइस' लिहिणारा शब्दाच्या मूळ अर्थाशी इमान राखतो, असं खुशाल समजा.

मात्रा मात्र चुकवू नका. नुसतं 'नाइस' पुरे. पुढे पूर्णविराम ठोकलात तर समोरचा दुखावतो. एक उद्गारचिन्ह चालतं, तीन दिलीत तर त्याला वाटतं, यांनी खरंच वाचलं. 'रिअली' जोडायचा मोह आवरा, त्यातून 'नेमकं काय आवडलं?' हा प्रश्न उगवतो. उगवलाच, तर 'ओव्हरऑल' म्हणा. बोलताना स्वर आखूड ठेवा. 'नाऽऽऽइस' असं ताणलंत की टोमणा झालाच. 'नाइस टू मीट यू' भेटल्यावर, 'नाइस मीटिंग यू' निघताना. उलटं केलंत तर पाहुण्याला दारातूनच निरोप.

शिफारसपत्रात तर हा शब्द सोनं आहे. 'नाइस पर्सन' एवढंच लिहून सही करा. कामाबद्दल सांगण्यासारखं काही नाही हे वाचणाऱ्याला कळतं, आणि तुम्ही वाईट एक अक्षर लिहिलेलं नसतं.

खड्डा एकच. जुना काटेकोर अर्थ अजून पुरता मेलेला नाही. तुमच्या मुद्द्याला कुणी 'नाइस डिस्टिंक्शन' म्हटलं तर लगेच 'थँक यू' म्हणू नका. तुम्ही दाखवलेला फरक केसाएवढा बारीक आहे, एवढंच तो म्हणत असतो. शिवाय फोटोखाली 'नाइस पिक' टाकण्याआधी फोटो उघडून बघायचे कष्ट तेवढे घ्या. प्लास्टरमधला पाय असू शकतो.

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर याच स्पेलिंगचं एक शहर आहे. उच्चार 'नीस', आणि नाव ग्रीकांच्या विजयदेवतेवरून, 'नीके'वरून आलेलं. आपल्या अडाण्याशी काही नातं नाही. तिथल्या समुद्राचा फोटो कुणी टाकला, तर इंग्रजी लिपीत बेधडक 'नाइस' लिहा, पहिलं अक्षर कॅपिटल. पाहणाऱ्याला वाटेल, तुम्ही ठिकाण ओळखलंत.