पोलिसांचे लाड म्हणे!

ठाण्यात कोपरीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवड्यात तिसऱ्यांदा तोच मजकूर येऊन पडलाय: ‘बडे पोलीस अधिकारी खुर्चीत असताना गप्प बसतात, निवृत्त झाले की त्यांना शिपायाच्या सुरक्षेची आठवण येते. आठ तासांची ड्यूटी म्हणजे नुसते लाड. पोलिसावर हात उचलणाऱ्याला पाच वर्षं आत टाका, प्रश्न मिटला.’ खाली अंगठ्यांची रांग. पाठवणारे काका सज्जन आहेत, पण रात्रपाळी त्यांनी जन्मात केलेली नाही.

आधी खुर्चीचं. दत्ता पडसलगीकर २०१६ मध्ये मुंबईचे पोलीस आयुक्त झाले आणि त्याच वर्षी देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची ड्यूटी सुरू झाली. कल्पना त्यांची नव्हतीच. एका साध्या पोलिसाने मांडलेलं वेळापत्रक त्यांनी ऐकून घेतलं आणि एका ठाण्यात राबवून पाहिलं. खुर्चीत असताना. पुढे ते राज्याचे पोलीस महासंचालक झाले. निवृत्तीनंतर, २०२३ मध्ये, सुप्रीम कोर्टाने मणिपूरच्या हिंसाचाराच्या तपासावर देखरेख करायला त्यांनाच नेमलं.

निवृत्तीनंतर लढणारेही आहेत, कबूल. उत्तर प्रदेशचे माजी महासंचालक प्रकाश सिंह यांनी पोलीस सुधारणांसाठी १९९६ मध्ये याचिका केली, निकाल लागला २००६ मध्ये. नोकरीत राहून सरकारलाच कोर्टात खेचणारे अधिकारी काकांना किती माहीत आहेत?

आता पाच वर्षांचं. काका, ते करून झालंय! ड्यूटीवरच्या सरकारी नोकरावर हात टाकला की लागायचं ते जुन्या भारतीय दंड संहितेचं ३५३ कलम. त्यातली दोन वर्षांची शिक्षा महाराष्ट्राने २०१८ मध्ये पाच वर्षांवर नेली. ती लागू असतानाच, एप्रिल २०२३ मध्ये, वाशीत गाडी अडवणाऱ्या वाहतूक पोलिसाला चालकाने बॉनेटवरून सुमारे वीस किलोमीटर फरफटत नेलं, थेट गव्हाण फाट्यापर्यंत. चालक नशेत असल्याचं पोलिसांनी सांगितलं. त्या अवस्थेत कोण कलम आठवतो? शिवाय १ जुलै २०२४ पासून त्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्या १३२ कलमात पुन्हा कमाल दोनच वर्षं आहेत. जो आकडा काका मागतायत तो येऊनही गेला.

राहता राहिले लाड. बारा तासांची ड्यूटी कागदावर बारा तासांची असते. सुटायच्या वेळी आरोपी आला की पंचनामा, मेडिकल, कोर्ट. मग बदलापूर नाहीतर पनवेलची लोकल. त्यात विसर्जन आलं की साप्ताहिक सुट्टी रद्द, आणि मासुंदा तलावाच्या काठावर रात्रभर उभं राहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी नाकाबंदीला. समोरून येणारी गाडी थांबणार की अंगावर येणार, हे त्याला डोळ्याची पापणी लवते तेवढ्या वेळात ताडायचं असतं. पेंगुळलेल्या माणसाला ते जमत नाही. बाजूला उडी मारायला उशीर होतो. आठ तासांचा संबंध इथे आहे.

‘धोक्याचाच पगार घेतात ना?’ असंही कुणीतरी खाली लिहिलंय. गिरगाव चौपाटीला तुकाराम ओंबळेंनी कसाबची रायफल धरली तेव्हा त्यांच्या हातात लाठी होती. याहून जास्त कुणी काय द्यायचं?

आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या हवालदारांनी हा मजकूर अजून वाचलेला दिसत नाही. ते टेंभी नाक्याला देवीच्या बंदोबस्तावर आहेत. परवा सकाळी साडेसातला जिन्यात भेटले, बूट हातात घेऊन चढत होते.